घर सोडलं, डिपॉझिट अडकलं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात तळमजल्यावर 2020 पासून भाड्यानं राहायचो, दर अकरा महिन्यांनी अॅग्रीमेंट नवीन करायचो, रजिस्टर केलेलं. डिपॉझिट 40 हजार दिलंय. गेल्या महिन्यात विश्रामबागला राहायला आलो. जुने मालक आता म्हणतात भिंतींना ओल आलीय, पोपडे निघालेत, घर रंगवायला 28 हजार लागणार ते कापतो आणि बाकीचे नवीन भाडेकरू आला की देतो. 2021 च्या पुरात त्या घरात पाणी शिरलेलं, ओल तेव्हापासनंच आहे. चावी आम्ही देऊन बसलोय. माणसं चांगली आहेत, भांडण नको वाटतं, पण पैसे पण हवेत. काय करू?
एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, स्वतःचे पैसे मागणं म्हणजे भांडण, हे आधी डोक्यातनं काढून टाका. डिपॉझिट म्हणजे मालकाकडं ठेवलेली तुमचीच रक्कम. नवीन भाडेकरू आला की देतो अशी अट अॅग्रीमेंटमध्ये नसेल तर ती मानायचं काहीच कारण नाही. कागद काढून बघा, बहुतेक लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या अकरा महिन्यांच्या अॅग्रीमेंटमध्ये, ओळ असतेच की ताबा दिल्यावर थकबाकी वजा करून डिपॉझिट बिनव्याजी परत द्यायचं. त्या ओळीवर बोट ठेवूनच बोला.

आता ओलीचं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्ये भाडेकरूनं घर जसं घेतलं तसं परत द्यावं असं आहे, पण तिथंच दोन गोष्टी वगळल्यात, एक नेहमीच्या वापरानं होणारी झीज आणि दुसरी माणसाला आवरता येत नाही अशा शक्तीनं झालेलं नुकसान. कृष्णेचं पाणी घरात शिरलं तर ते कुठला भाडेकरू अडवणार होता? तुमचा कागद लायसन्सचा, म्हणजे नुसत्या राहायच्या परवानगीचा आहे, भाडेपट्ट्याचा नाही, म्हणून हे कलम जसंच्या तसं लावता येईल असं मी म्हणत नाही, पण झीज आणि नुकसान वेगळं धरायचं हे तत्त्व मालकाला सांगायला आणि नोटिशीत लिहायला नक्की उपयोगी पडतं. एवढ्या वर्षांनी रंग उडणारच, तो खर्च मालकाचा. फरशी फुटली, नळ मोडला, दाराला भोकं पाडली असली तर मात्र तुम्ही द्या, त्यात कमीपणा नाही.

पुराचा पुरावा शोधा. पाणी ओसरल्यावर तलाठ्यानं पंचनामा केला असेल, सानुग्रह मदत तुमच्या खात्यावर आली असेल तर पासबुकात नोंद असेल, त्यावेळचे मोबाईलमधले फोटो असतील, सगळं एका फोल्डरमध्ये टाका. मग मालकांना व्हॉट्सअॅपवर नीट मेसेज टाका, ताबा अमुक तारखेला दिला, डिपॉझिट 40 हजार, कापायचं असेल तर कशाचे किती ते बिलासकट सांगा, पंधरा दिवसांत बाकीचे द्या. फोनवर गोड बोलणं होतं आणि हातात काही राहत नाही म्हणून लिहूनच. मी स्वतः एक घर सोडताना सगळं तोंडीच केलं होतं, सहा हजार गेले ते गेलेच, अजून वाईट वाटतं.

नाहीच ऐकलं तर वकिलाकडनं स्पीड पोस्टानं नोटीस, आणि शेवटी दिवाणी न्यायालय. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून बघू बघू करत वर्षं घालवू नका. पोलिसांकडं गेलात तर हा दिवाणी मामला आहे म्हणून परत पाठवतील.

आणि हे बाकीच्यांसाठी, कारण बरेच जण सांगतात की पैसे मिळाल्याशिवाय चावीच देऊ नका. असं करू नका. मुदत संपल्यावर घर अडवून बसलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाई अंगावर येऊ शकते. त्यापेक्षा मुदतीच्या आतच एक दिवस ठरवा, मालकाला घरात बोलवा, खोल्या फिरून व्हिडिओ काढा, लाईटच्या मीटरचं रीडिंग घ्या, साध्या कागदावर ताबा मिळाला अशी सही घ्या आणि तिथंच पैसे ट्रान्सफर करून घ्या.

प्रश्न : माझी मुलगी साताऱ्यात शाहूपुरीत कॉट बेसिसवर राहायची. 10 हजार डिपॉझिट दिलं, अॅग्रीमेंट काहीच नाही. आता मालकीणबाई फोनच उचलत नाहीत. कागद नाही म्हणून पैसे बुडाले असं समजायचं का?
एक आई, कोरेगाव

उत्तर : नाही हो ताई, बिलकुल नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, आणि तो केला नसेल तर कुठल्या अटीवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. कॉट बेसिसला हे लावता येईल का यावर समोरचा वाद घालेल, पण पैसे गेल्याचा पुरावा असला की तुमची बाजू भक्कम. गुगल पे किंवा फोन पे केलं असेल तर बँकेतनं स्टेटमेंट काढा, डिपॉझिटबद्दलचे चॅट डिलीट करू नका, रोख दिलं असेल तर तेव्हा हजर असलेली मैत्रीण साक्षीदार.

दहा हजारासाठी वकिलाची फी कशी परवडणार, हे मलाही कळतं. साताऱ्यात जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, मुलीच्या नावानं तिथं अर्ज द्या. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. दावा न लावताच प्रकरण लोकअदालतीत ठेवायला सांगा, कोर्ट फी लागत नाही, समोरच्या बाईंना नोटीस जाते, आणि तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच, तिच्यावर अपील नाही. अर्जात मुलगी राहायला आली ती तारीख, सोडली ती तारीख, मालकिणीचा पत्ता आणि 10 हजार ही रक्कम स्पष्ट लिहा, स्टेटमेंटची झेरॉक्स जोडा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.