बोटीला ‘बॉडी अर्थ’ नको

नागपूरजवळच्या खिंडसी आणि नवेगाव खैरी या जलाशयांकडचे अॅल्युमिनियम बोटवाले बोटीच्या वायरिंगबद्दल फिरून फिरून तेच विचारत आहेत, म्हणून उत्तरे एकत्र देत आहे.

घरासारखी तांब्याची अर्थिंग प्लेट बोटीखाली लावू का?
मुळीच नको. पाण्यात तांब्याशी जोडलेले अॅल्युमिनियम झिजते. तळात पडलेले तांब्याच्या वायरचे तुकडेसुद्धा वेचून काढा.

गॅरेजवाल्याने मोटारसायकलसारखी बॉडी अर्थ घेतली (निगेटिव्ह वायरऐवजी धातूची बॉडीच वापरली). दिवे लागतात. चालेल ना? (रामटेक)
चालणार नाही. मोटारसायकल पाण्यात उभी नसते! बोटीचा पत्रा निगेटिव्ह म्हणून वापरला की थोडा करंट पाण्यातून वाट काढतो, आणि पत्र्यातून जिथे तो पाण्यात उतरतो तिथले अॅल्युमिनियम विरघळते. प्रत्येक दिव्याची, पंपाची निगेटिव्ह वायर वेगळी ओढून बसबारवर (सगळ्या वायरी एकत्र जोडायच्या पट्टीवर) आणा, तिथून बॅटरीला. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून अडकवलेल्या) इंजिनाची बॉडी आतून निगेटिव्हला असते, त्यामुळे क्लॅम्पपाशी पत्र्याशी संबंध येतोच. तेवढा एकच, दुसरा होऊ देऊ नका. पत्र्यातल्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारे कडे) हवेच.

तपासणी बोट काठावर, कोरडी असताना करा. इंजिनाच्या दोन्ही केबल बॅटरीवरून काढा, बाकी स्विच चालू ठेवा. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरे खरवडलेल्या पत्र्याला. १२ व्होल्टच्या आसपास दाखवले तर निगेटिव्ह पत्र्याला लागली आहे. मग पहिले टोक निगेटिव्हला लावा. आताही १२ दिसले तर पॉझिटिव्ह गळतेय. पॉझिटिव्हचा दोष एकेक फ्यूज काढत शोधा, निगेटिव्हचा बसबारवरची एकेक वायर काढत. सापडला नाही तर जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा, पण ‘दोन वायरी, बॉडी अर्थ नाही’ हे त्याला आधीच बजावा.

फ्यूज कुठे?
बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १८ सेंमीच्या आत.

घरची २.५ चौरस मिमी वायर उरलीय.
एकतारी असेल तर हादऱ्याने तुटेल. कथील चढवलेली मल्टिस्ट्रँड घ्या. जाऊन-येऊन १० मीटर वायर आणि १० अँपिअर असतील तर २.५ मध्ये सुमारे ०.७ व्होल्ट वाया जातो, ६ मध्ये ०.३. जोडाला नुसती टेप नको. नागपूरच्या मे महिन्यात तिचा गोंद पाघळतो. क्रिंप करून (पक्कडीने टर्मिनल दाबून) वर गोंदाची, गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवा.

दुकानदार म्हणतो, झिंक (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) लावा, झीज थांबेल.
त्याचा गल्ला भरेल. गोड्या पाण्यात झिंकवर थर बसतो आणि ते निकामी होते. आधी वायरिंग सुधारा, मग कोणता अॅनोड (असा झिजणारा तुकडा) लावायचा ते इंजिन कंपनीच्या मेकॅनिकला विचारा.

तळाला टाचणीएवढी भोके दिसतात. सीझन संपल्यावर पाहू?
बोट आजच पाण्याबाहेर काढा.

काठावरून २३० व्होल्टची वायर ओढून बोटीतच चार्जिंग करतो.
बॅटरी उचलून काठावर न्या. ती हलवता येत नसेल, तर परवानाधारक वायरमनकडून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग तपासून घेईपर्यंत प्लग लावू नका.