ड्रायव्हर मारला की बॉल उजवीकडेच जातो. इम्पॅक्टला क्लबफेस ताब्यात कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की आधी बरीच वर्षं क्रिकेट खेळलात, आता येरवड्याला गोल्फ सुरू केलंय, सात नंबरचं आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा मधल्या लांबीचा क्लब) बऱ्यापैकी सरळ जातं, पण ड्रायव्हर (सर्वांत लांब क्लब) हातात घेतला की स्लाइस, म्हणजे बॉल उजवीकडे वळत जाणं, ठरलेला. कोच सांगतात हात फिरवा, यूट्यूबवरचे सांगतात मनगटं अजिबात वापरू नका. आणि तुम्हाला हवंय ते इम्पॅक्टच्या, म्हणजे क्लब बॉलला लागण्याच्या, क्षणी फेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) सरळ ठेवायचं तंत्र.

त्या क्षणी काही करता येत नाही हो. बॉल फेसला टेकलेला असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. हौशी माणसाचा ड्रायव्हर ताशी 150 किलोमीटरने येतो असं धरलं, तर तेवढ्या वेळात तो 2 सेंटिमीटर पुढे सरकतो, बस. अख्खा डाउनस्विंगच (क्लब वरून खाली बॉलपर्यंत येणं) पाव सेकंदाच्या आसपास उरकतो. 'फेस उघडा (म्हणजे उजवीकडे वळलेला) आहे, बंद कर' हा निरोप मेंदूकडून हातापर्यंत पोचेतो बॉल गेलेला असतो. म्हणून लक्ष द्यायचं ते ग्रिपकडे आणि बॅकस्विंगच्या टोकाला (क्लब मागे पूर्ण वर नेल्यावर) डावं मनगट कसं आहे त्याकडे. (बॉल उजवीकडे वळण्याला स्लाइस म्हणताय, म्हणजे तुम्ही उजवे आहात असं धरून चाललोय.)

आता क्रिकेट. मीही तिकडूनच आलोय, आणि क्रिकेटवाल्यांचा स्लाइस बघून ओळखता येतो. बॅटचा दांडा पात्याच्या बरोबर मधोमध असतो. त्यामुळे स्ट्रेट ड्राइव्ह मारताना पातं आपणहून कुठे वळायला बघत नाही. डावं कोपर वर, बॅट सरळ, भागलं. गोल्फ क्लबचा शाफ्ट मात्र डोक्याच्या एका टोकाला, हीलच्या बाजूला बसवलेला असतो आणि डोक्याचं वजन त्याच्या बाहेर लोंबतं. एखादं आयर्न बोटावर आडवं तोलून धरा, टोची, म्हणजे डोक्याच्या दुसऱ्या टोकाची, बाजू लगेच खाली वळेल. डाउनस्विंगमध्ये हेच वजन मागे रेंगाळतं आणि फेसला उघडा ठेवू पाहतं. तिथे तुम्ही सवयीने डावं कोपर वर काढून हात 'सरळ बॅट'सारखे धरून ठेवलेत, की फेस उघडाच बॉलपाशी येतो. कोचला हेच खटकत असणार. डावा हात कोपरापासून खाली वळायला हवा, कोपर जमिनीकडे बघायला हवं.

मग यूट्यूबवाले चुकीचे का? नाही, ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलताहेत. बॉल उचलायच्या नादात लोक उजव्या तळव्याने पळीने आमटी वाढल्यासारखा क्लब खालून वर ढकलतात. डावं मनगट मागे मोडतं, लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कल) वाढतो, फेस उघडतो. ते नको. हात वळणं वेगळं आणि मनगट मोडणं वेगळं.

दुरुस्तीआधी निदान करा, कारण स्लाइस म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. बॉल निघतो कुठे आणि वळतो कुठे, हे वेगवेगळं बघा. निघण्याची दिशा मुख्यतः फेस ठरवतो. ड्रायव्हरला साधारण 85 टक्के, आयर्नला 75 च्या आसपास. पुढचं वळण ठरतं ते फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर, अर्थात बॉल फेसच्या मध्यावर लागला असेल तर. पूर्वी उलटं शिकवायचे, की बॉल क्लबच्या मार्गाने निघतो आणि मग फेसच्या दिशेला वळतो. रडारची यंत्रं आली आणि ते मोडीत निघालं, पण जुने खेळाडू अजून तसंच सांगतात, तेव्हा जपून ऐका. तुमचा बॉल डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल, तर फेस फार वाईट नाही, मार्ग बाहेरून आत, म्हणजे उजवीकडून डावीकडे आडवा, येतोय. उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे जात असेल, तर फेस सताड उघडा. दुसऱ्या प्रकारात मार्ग सुधारत बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय. आणि स्लाइस होतो म्हणून मुळातच डावीकडे नेम धरून उभे राहत असाल तर ते आजच सोडा, त्याने मार्ग आणखी आडवा होतो.

एक अंशाचा हिशोब सांगतो. फेस 1 अंश उघडा असेल तर 200 यार्डांवर बॉल साडेतीन यार्ड बाजूला. हे फक्त निघण्याच्या दिशेचं झालं, वळण वेगळं. पटमध्ये (होलजवळच्या हलक्या फटक्यात) तोच 1 अंश 3 मीटरवर 5 सेंटिमीटरहून थोडा जास्त होतो आणि होलची अर्धी रुंदी साडेपाचसुद्धा नाही.

सात नंबर सरळ आणि ड्रायव्हर वाकडा यात गूढ काही नाही. सात नंबरच्या लॉफ्टमुळे बॅकस्पिन भरपूर मिळते, त्यात फेसची थोडी चूक झाकली जाते. ड्रायव्हरला बॅकस्पिन कमी, म्हणून तेवढ्याच चुकीला स्पिनचा अक्ष जास्त कलतो आणि बॉल जास्त वळतो. शिवाय बॉल डाव्या पायाशी, तिथे पोचेपर्यंत क्लब आत वळायला लागलेला असतो. तिसरं कारण कोणी तपासत नाही: बॉल फेसच्या हीलकडे लागणं. ड्रायव्हरला त्यानेही स्लाइसची स्पिन मिळते, मग फेस कितीही सरळ असो. ऑफिसमधला व्हाइटबोर्ड मार्कर आणा, बॉलच्या मागच्या बाजूला ठिपका काढा, ती बाजू फेसकडे करून टीवर (बॉल ठेवायच्या खुंटीवर) ठेवा आणि मारा. शाई फेसवर कुठे उमटली ते दिसेल, फडक्याने पुसलं की पुन्हा. हीलकडे उमटत असेल तर आधी बॉलपासून थोडं लांब उभं राहून बघा.

ग्रिप. क्रिकेटची सवय म्हणजे दांडा तळव्यात. इथे डाव्या हाताची ग्रिप बोटांच्या मुळांशी धरायची आणि उभं राहून खाली बघितलं की डाव्या हाताची दोन, खरं तर अडीच, गाठी दिसल्या पाहिजेत. एकच दिसत असेल तर तुमचं निम्मं उत्तर तिथेच आहे. दोन्ही हातांचे अंगठा आणि तर्जनीमधले 'व्ही' उजव्या खांद्याकडे. सुरुवातीला अतिशय विचित्र वाटेल, बॉल डावीकडे जातील, आणि तिसऱ्या बॉलला हात आपोआप जुन्या जागी सरकेल. दर वेळी नव्याने धरा.

मग बॅकस्विंगचं टोक. तिथे डावं मनगट सपाट हवं. मागे मोडलेलं असेल तर फेस उघडा. मित्राला मागून मोबाइलवर शूट करायला सांगा, फेस आणि डावा हात साधारण एकाच पातळीत दिसले पाहिजेत. इथे मोठ्या खेळाडूंची नक्कल नडते. बेन होगनने ग्रिप मुद्दाम कमकुवत केली (हात डावीकडे फिरवून धरले), कारण त्याला हूकचा, म्हणजे बॉल डावीकडे वळण्याचा, त्रास होता. तुमचा आजार नेमका उलटा आहे. डस्टिन जॉन्सनचं मनगट टोकाला इतकं आत वाकलेलं असतं की फेस बंदच असतो, आणि मग तो कंबर झपाट्याने फिरवून ते सांभाळतो. आपली कंबर दिवसभर खुर्चीत असते.

सरावाला मला एकच प्रकार पटतो: आठ नंबरचं आयर्न, कंबरेपासून कंबरेपर्यंतचा अर्धा स्विंग, आणि मुद्दाम बॉल डावीकडे वळवायचा. सरळ नको, डावीकडेच. मागे कंबरेच्या उंचीला टो आकाशाकडे, पुढेही कंबरेच्या उंचीला टो आकाशाकडे. मुद्दाम हूक मारता येत नाही तोवर फेस तुमच्या हातात आलेला नाही, त्यामुळे ड्रायव्हरची घाई नको. मॅटवर हे करताना एवढं ध्यानात ठेवा की क्लब आधी जमिनीला लागला तरी मॅटवर घसरून बॉल बरा जातो. गवतावर तोच शॉट फुसका निघेल. आणि पुण्यात नीट जमलं म्हणून मुंबईला तसंच दिसेल असं नाही. आपण 560 मीटरवर, इथली हवा थोडी विरळ, बॉल थोडा कमी वळतो. समुद्रसपाटीला तोच स्लाइस जरा जास्त दिसेल.

आठवडाभर ग्रिप आणि मार्करचा ठिपका, एवढंच करा. नंतरही बॉल उजवीकडे जात असेल तर खाली कमेंटमध्ये निघतो कुठे, वळतो कुठे आणि शाई कुठे उमटते, या तीन गोष्टी लिहा. त्याशिवाय पुढचं सांगणं अंदाजपंचे होईल.