केबिनमध्ये फोनच ऐकू येत नाही

प्रश्न: आमचं युनिट कुंडईला आहे. अकाउंट्सची केबिन शॉप फ्लोअरच्याच कोपऱ्यात ॲल्युमिनियम पार्टिशन घालून केलीय, एका बाजूला पॉवर प्रेस आणि मागे कम्प्रेसर. पार्टीचा फोन आला की पार्किंगमध्ये पळायचं. शेठनी थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे चिकटवून दिले, फरक शून्य. काय करावं?
– एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर: ताई, आधी ते ट्रे काढून टाका, आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते आणि थर्माकोल तर ठिणगी पडली की पेटलाच. असल्या हलक्या वस्तूंनी फार तर खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, आणि त्याच्याही आधी फटी बुजवाव्या लागतात. भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला तरी आवाज जेमतेम 20 डेसिबल कमी होतो, मग बाकीची भिंत कितीही भारी घाला. म्हणजे बाहेर 90 तर आत 70, त्यात पार्टीशी काय बोलणार!

संध्याकाळी केबिनची लाईट बंद करून आत बसा. बाहेरचा उजेड जिथून दिसेल तिथून आवाज येतोय समजा, दाराखालून, एसीच्या पाईपच्या भोकातून, केबल आत घेतलीय तिथून. तिथे सिलिकॉन, दाराला रबरी गास्केट. आणि स्टूलावर चढून फॉल्स सीलिंगची एक टाईल उचलून बघाच, बहुतेक ठिकाणी पार्टिशन तिथेच संपलेलं असतं आणि वर पत्र्यापर्यंत सगळं मोकळं, मग भिंतीवर खर्च करून काय उपयोग? केबिनला स्वतःचं छप्पर हवं, जिप्सम बोर्डाचे दोन थर आणि मध्ये रॉकवूल, म्हणजे दगडी धाग्यांची लोकर.

आता टेबलावर तळहात ठेवा. प्रेसच्या प्रत्येक ठोक्याला टेबल हादरत असेल तर तो आवाज जमिनीतून येतोय, त्याला भिंत काय करणार, प्रेसखाली अँटी-व्हायब्रेशन माऊंट, म्हणजे हादरा शोषणारे पाय, लागतील. कम्प्रेसर मात्र सरळ बाहेर शेडमध्ये न्या, हवा खेळती ठेवा आणि जोडणीला फ्लेक्झिबल होज टाका. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडेल.

शेठ म्हणतील कारखान्याच्या नियमात 8 तासांना 90 डेसिबल चालतात, पण ती हद्द कान वाचवायची, फोनवर बोलायची नाही. आणि चवथीच्या सुट्टीत करू म्हणाले तर ऐकू नका, चवथीला गोव्यात सुतार कुठला मिळतोय, त्यापेक्षा एखादा रविवार धरा.