परदेशी मिशनमध्ये तातडीचं आजारपण: वाचकांचे प्रश्न

आफ्रिकेत मिशनकार्यासाठी गेलेल्या आपल्याकडच्या सिस्टर, फादर, कुटुंबं आणि इथे त्यांची वाट पाहणारे नातेवाईक यांच्या पत्रांतले काही प्रश्न आज घेतो आहे.

प्रश्न: मी सहा वर्षं उत्तर युगांडात शिकवते. शनिवारी थंडी वाजून ताप आला. हेल्थ सेंटरवर मलेरियाची तपासणी निगेटिव्ह आली. रात्री ताप वाढला, पण मदर सुपिरिअरना उठवायचा संकोच वाटला. सोमवारी मलेरियाच निघाला. इतकी वर्षं राहूनही असं का व्हावं? (एक सिस्टर, मूळ वसई)

उत्तर: सिस्टर, तपासणी लगेच करून घेतलीत हे उत्तम केलंत. ती एकदाच करून थांबलात, तिथे धोका होता. ताप नुकताच सुरू झालेला असताना रक्तात जंतू कमी असतात आणि तपासणीच्या पट्टीवर मलेरियाची रेघ उमटत नाही. म्हणून ताप असेपर्यंत दर १२ ते २४ तासांनी रक्त पुन्हा तपासायचं, एकूण तीनदा तरी. मधे रविवार आला तरीही. फाल्सिपेरम हा मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत, मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो. राहून राहून अंगात थोडी प्रतिकारशक्ती येते हे खरं, पण ती भरवशाची नाही. घरी लांब सुट्टी घालवली की तीही ओसरते.

आर्टेमेथर-लुमेफँट्रिन या मलेरियावरच्या गोळ्या सुरू केल्या, तर तीन दिवसांत सहा डोस पुरे करायचे. दुसरा डोस पहिल्यानंतर आठ तासांनी, पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. गोळी दुधाबरोबर किंवा तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर घ्या, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. तासाभरात उलटी झाली तर डोस पुन्हा घ्यावा लागतो. उलट्या थांबतच नसतील, बोलणं असंबद्ध होत असेल, बसवत नसेल, डोळे पिवळे दिसत असतील, लघवी काळपट किंवा फार कमी होत असेल, तर गोळ्यांच्या भरवशावर राहू नका. तेव्हा आर्टेसुनेटचं इंजेक्शन हवं. पहिलं हेल्थ सेंटरवरच मिळत असेल तर ते घेऊन मोठं रुग्णालय गाठायचं. गुलूजवळ असाल तर लाकोरचं सेंट मेरीज रुग्णालय आहे, १९५९ पासूनचं. गाडी नसेल आणि बोडा-बोडावरूनच (भाड्याच्या मोटारसायकलवरून) जावं लागलं, तर आजारी माणूस मधे आणि धरून बसणारं कुणीतरी मागे हवंच. तापाच्या भरात हात सुटतो.

आणि संकोचाबद्दल. मदरना रात्री दोन वाजता उठवा. तुमच्या कॉन्व्हेंटमध्ये आजच ठरवून टाका की ताप आला की कुणाला तरी सांगायचंच. सोसत राहणं हा सेवेचा भाग नाही.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ टांझानियात धर्मगुरू आहे. तिथे साप फार. मुंबईहून सर्पदंशावरचं औषध पाठवून ठेवू का? (संगमनेर)

उत्तर: दादा, नका पाठवू. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनतं. टांझानियातल्या पफ अ‍ॅडर, ब्लॅक माम्बा यांचं विष वेगळं. घाना आणि चाडमध्ये भारतीय प्रतिविष वापरलं गेलं, तेव्हा सर्पदंशाने दगावणाऱ्यांचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं होतं. शिवाय या औषधाची जीवघेणी रिअ‍ॅक्शन येऊ शकते, ते घरात टोचायचं नाहीच.

त्याऐवजी फादरना एक काम सांगा: आफ्रिकन सापांचं प्रतिविष जवळपास कोणत्या रुग्णालयात आहे, हे आत्ताच फोन करून विचारून ठेवायचं. दंश झाला तर अंगठी-घड्याळ काढायचं, दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, करकचून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, निघायचं. तिथले काही नाग डोळ्यांत विष थुंकतात. तसं झालं तर भरपूर पाण्याने डोळे धूत राहायचं.

प्रश्न: कुत्र्याने नुसतं ओरखडलं, रक्त नाही. लस हवीच का? (नैरोबी)

उत्तर: कातडी खरचटली असेल तर रेबीजची लस हवीच, आणि आजच. आधी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको मुलीसह केनियात तुर्कानामध्ये आहोत. लोडवार या इथल्या मुख्य शहरात पोचायला काही तास लागतात. विमा आहे, तो पुरेल? (मूळ पुणे)

उत्तर: पॉलिसीत रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला आहे का, ते पाहा. तो असला तरी बहुतेक कंपन्यांची पूर्वसंमती लागते. विमान आधी बोलावलं आणि फोन नंतर केला, तर बिल तुमच्या गळ्यात पडू शकतं. १९५७ मध्ये सुरू झालेली अ‍ॅम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही सेवा नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून चालते, तिचं सदस्यत्वही घेता येतं.

माझा मुख्य सल्ला वेळेबद्दल आहे. गावातल्या मातीच्या धावपट्टीवर दिवे नसतात, अंधारात विमान उतरत नाही. सकाळी मुलीचं पोट दुखू लागलं आणि दुखणं उजवीकडे खाली सरकलं, तर ते अपेंडिक्स असू शकतं; संध्याकाळपर्यंत बघू म्हणू नका, दुपारच्या आत फोन करा. पॉलिसी नंबर, रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधं आणि जवळच्या धावपट्टीचं नाव एका कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. पासपोर्टसोबत पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्डही ठेवा. ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आजारी माणसालाही.

प्रश्न: बहीण युगांडाहून सुट्टीवर आली आणि तीन आठवड्यांनी ताप आला. डॉक्टर डेंग्यू म्हणतात. (नालासोपारा)

उत्तर: डेंग्यू असेलही, पण मलेरियाही असू शकतो. म्हणून डॉक्टरांना तिने पहिलं वाक्य हेच सांगायला हवं, "मी तीन आठवड्यांपूर्वी युगांडातून आले." पावसाळ्यात आपल्याकडे तापाच्या रांगा लागतात, विचारायचं राहून जाऊ शकतं. तिथला मलेरिया बहुधा महिनाभरात दिसतो, कधी तीन महिन्यांनी किंवा त्यानंतरही. आज रात्रीच रक्त तपासून घ्या, अहवाल आजच हवा असं लॅबला सांगा.