पंचांच्या कागदानं फारकत होत नाही

प्रश्न : लग्न 2019चं. दोन वर्षांपासून मी दारव्हा तालुक्यात माहेरी आहे. पंच बसले, पाचशेच्या स्टॅम्पवर फारकत लिहिली, नोटरीही केली. एक लाख ठरले होते. चाळीस हजार मिळाले, बाकीचे कापसाचा चुकारा आला की देतो म्हणतात. आता दुसरं स्थळ आलंय. लग्न करू का?

उत्तर : ताई, तारीख काढू नका. कायद्यानं तुम्ही अजून त्यांच्या पत्नी आहात. नोटरीचा शिक्का म्हणजे सह्या त्याच्यासमोर झाल्या, एवढंच. लग्न मोडायचा अधिकार न्यायालयाचा. ‘आमच्या समाजात असंच चालतं’ असं पंच म्हणतील. रूढीची फारकत कायदा मानतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावी लागते आणि तिथं भलेभले अडकतात. तुम्ही लग्न केलंत आणि उद्या पैशावरून बिनसलं, तर तोच पहिला नवरा पहिलं लग्न कायम असताना दुसरं केलं म्हणून तक्रार करू शकतो. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ते दुसरं लग्नही रद्दच ठरतं. अशा कागदाची घडी पदरात बांधून बाया माझ्याकडे येतात तेव्हा जीव तुटतो.

दोघांची तयारी आहे, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा अर्ज करा. (बौद्धांनाही हाच कायदा. अनुसूचित जमातींना तो थेट लागू नाही, त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा.) किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं झालंय. तुम्ही माहेरी राहता म्हणून तुमच्या भागाच्या कोर्टातही अर्ज चालतो. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, दोघांची आधार कार्डं जोडा. पंचांचा कागद फेकू नका, वेगळं कधीपासून राहता त्याला तो उपयोगी पडेल.

अर्जानंतर साधारण सहा महिन्यांनी दुसरं मोशन, म्हणजे पुन्हा दोघांनी कोर्टात येऊन संमती सांगायची. देणंघेणं, मुलांचा ताबा सगळं मिटलं असेल आणि दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे असाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या निकालाप्रमाणे हे सहा महिने माफ करा म्हणून अर्ज देता येतो. माफी द्यायची की नाही, ते न्यायाधीश ठरवतात.

आता पैशाचं. चुकाऱ्याच्या भरवशावर राहू नका. उरलेले साठ हजार आणि तुमचे दागिने, भांडी अर्जातच लिहून घ्या आणि डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या मोशनच्या दिवशी कोर्टातच घ्या. हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा आदेश, होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे ध्यानात ठेवा. कागदात ‘पोटगी मागणार नाही’ लिहिलं असेल तर घाबरू नका, तेवढ्यानं पोटगीचा हक्क जात नाही. ते कोर्टात यायलाच तयार नसतील, तर एकतर्फी अर्ज करावा लागेल. त्याला छळ, सोडून देणं असं कारण सिद्ध करावं लागतं आणि वर्षं जातात.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती विचारा किंवा 15100 वर फोन लावा.

स्थळाकडच्यांना खरं ते सांगा. हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल हाती येऊ द्या, अपिलाचे 90 दिवस जाऊ द्या, मग हळद लावा.