मुलांसोबत पहिलीच लांबची सहल? एकटं महेश्वर धरा

ताई, मुलांना घेऊन दोन दिवसांत मांडव (मांडू), महेश्वर आणि ओंकारेश्वर तिन्ही करायचं विचारताय? नका करू. पहिल्या खेपेला फक्त महेश्वर. इंदूरहून साधारण ९० किलोमीटर, मुलं कंटाळायच्या आत पोचाल. अहिल्याबाईंचा किल्ला तासाभरात पाहून होतो. नर्मदेच्या घाटावर मात्र निवांत बसू द्या. (पायऱ्या निसरड्या असतात, हात सोडू नका.)

सुरुवातीला सगळेच करतात त्या चुका:

- निघताना भरपेट पोहे-जिलबी. वाटेत मानपूरच्या पुढे वळणांचा घाट लागला की सगळं बाहेर! आमच्या धाकट्यानं नव्या सीटकव्हरचं उद्घाटन असंच केलं होतं. दोन घास खाऊ घाला, उरलेलं डब्यात. आणि वळणांवर मोबाइल नको, लांबवर बाहेर बघू दे.
- लहान्याला पुढे मांडीवर घेणं. मागेच बसवा, चाइल्ड सीटमध्ये, रडला तरी.
- उशिरा निघणं.

पिशव्या, ओला टॉवेल, कपड्यांचा एकेक जोड हाताशी ठेवा, डिकीत नाही. तासा-दीड तासानं थांबा, कुणी मागितलं नाही तरी.

मांडव पावसाळ्यासाठी राखून ठेवा. तिथल्या जहाज महालाच्या दोन्ही बाजूंची तळी भरली की तो खरंच जहाजासारखा पाण्यात उभा दिसतो, मुलांना वेगळं समजावावं लागत नाही.