निळी बाटली खाली ठेवा

माशांच्या टाकीतल्या आजारांविषयी प्रश्न पाठवा म्हटलं आणि निम्म्या पत्रांत एकच ओळ आली: ‘निळं औषध टाकलं, तरी मेला.’ हे निळं औषध म्हणजे दुकानातलं मिथिलीन ब्लू. मी पशुवैद्य नाही. कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत २७ वर्षं सहायक होते, सूक्ष्मदर्शक पुसण्यापासून बेडकांना खाऊ घालण्यापर्यंत सगळं केलं, आणि घरी टाक्या त्याहून जुन्या. तेवढ्या भांडवलावर उत्तरं देते.

ताई, आमच्या दोन फुटी टाकीत मोली आणि गप्पी आहेत. थंडी पडल्यावर मोलीच्या अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे आले. मिथिलीन ब्लू टाकलं, तिसऱ्या दिवशी दाणे गेले, म्हणून थांबवलं. आठवड्याने दुप्पट आले. औषध बनावट असेल का? (नाशिक)

औषधाला आणि दुकानदाराला या वेळी सोडा. दाणे गेले ते औषधाने नव्हे, ते जाणारच होते.

या आजाराला दुकानात ‘इक’ म्हणतात. तुम्हाला दिसतो तो दाणा म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरून बसलेला एक सूक्ष्मजीव. मी तो काचपट्टीवर पुष्कळदा पाहिलाय: गोल, सावकाश गरगर फिरणारा, आणि पोटात घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक. एकदा पाहिलं की विसरत नाही. कातडीखाली असताना त्याला कुठलंही औषध शिवत नाही. पोट भरलं की तो स्वतःच गळून तळाच्या खड्यांत पडतो, कवच करतो, आत फुटून त्याची शेकडो पिल्लं होतात. तुम्हाला मासा स्वच्छ दिसला तो नेमका या वेळी! मग ती पिल्लं पोहत नवा मासा शोधतात. उबदार पाण्यात दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध चालतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. ढेकणासारखंच आहे हे. गादीवर दिसला तो चिरडला म्हणून खाटेच्या फटींतलं बिऱ्हाड उठत नाही.

म्हणून घाई नको. २५-२६ अंशांत ही सगळी फेरी साधारण आठवड्यात पूर्ण होते, थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळते. नाशिकला डिसेंबरच्या रात्री हीटर नसलेली टाकी १८-१९ अंशांवर येते. त्या गारठ्यात माशाची ताकद खचते आणि इकला फावतं. टाकीला थर्मामीटर लावलाय का? पत्रात आकडा नव्हता, म्हणून विचारते.

आता करायचं ते सांगते. तुमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असेल तर खडे आणि वरची मोकळी जागा सोडून त्यात साधारण ४५ लिटर पाणी आहे. ७५-१०० वॉटचा हीटर लावा. तापमान दिवसाला दोन अंशांपेक्षा जास्त चढवू नका, हळूहळू ३० वर न्या. तिथे या जिवाची वाढ बहुधा थांबते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एअर पंप रात्रंदिवस चालू हवा. हे लोक हमखास विसरतात आणि मासे इकने नाही, गुदमरून जातात. सोबत खडे मीठ, लिटरला २ ग्रॅम, म्हणजे तुमच्याकडे ९० ग्रॅम. ते टाकीच्या पाण्यातच विरघळवून दिवसभरात तीन-चार वेळा विभागून घाला. मोली आणि गप्पी हे मीठ सहज सोसतात. (कॉरिडोरास किंवा इतर बिनखवल्यांचे मासे असतील तर निम्म्यावर थांबा.) एक दिवसाआड तळाचे खडे नळीने उपसून पाव पाणी बदला, आणि काढलेल्या पाण्याच्या हिशोबानेच मीठ परत घाला, पुन्हा पूर्ण ९० ग्रॅम नव्हे. पाणी काढण्याआधी हीटरचा प्लग काढा. शेवटचा दाणा गेल्यावरही आठ-दहा दिवस हे सगळं चालू ठेवा. तुम्ही चुकलात ते इथेच.

मिथिलीन ब्लू मुख्य टाकीत नकोच. फिल्टरमधले कामाचे जिवाणू त्याने मरतात, आणि काचेचे सांधे कायमचे निळे होतात ते वेगळंच. वापरायचं तर वेगळ्या बादलीत.

आणि नवा मासा आणलात की तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा, जुन्या फिल्टरच्या स्पंजाचा तुकडा घालून. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. २००९ साली १२ निऑन टेट्रा आणले, दिसायला चकचकीत, पिशवीतून थेट टाकीत सोडले. पंधरा दिवसांत नव्यांपैकी ४ आणि माझे जुने ९ गेले. त्या दिवसापासून बाथरूममध्ये एक निळा टब कायमचा आहे. पाहुणे विचारतात, मी सांगते, ‘विलगीकरण कक्ष.’

मी दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करतो. खडे, फिल्टर, काच सगळं साबणाने स्वच्छ. तरी मंगळवारपर्यंत मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. (जळगाव)

‘तरी’ नव्हे दादा, ‘म्हणून’.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून आणखी अमोनिया होतो. तो माशाला विष. स्पंजावर आणि खड्यांवर जे बुळबुळीत वाटतं त्यात जिवाणूंची वस्ती असते. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात (तेही विषच), दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे माशांना बरंच सोसवतं. ही वस्ती नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती दर रविवारी साबणाने उठवता, म्हणजे तुमची टाकी कायमच पहिल्या आठवड्यात असते. साबणाचा अंश मागे राहतो तो आणखी वाईट.

आज निम्मं पाणी बदला, दोन दिवस खाणं बंद. मासा उपाशी मरत नाही, घाबरू नका. पुढे आठवड्याला पाव टाकीच पाणी, नळाचं असेल तर उघड्या बादलीत २४ तास ठेवून, म्हणजे क्लोरिन उडून जाईल. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा, नळाखाली नाही. अमोनिया मोजायचं किट मिळतं, औषधांच्या चार बाटल्यांऐवजी ते घ्या.

तुमच्या गावचा उन्हाळा मला ठाऊक आहे. मे महिन्यात भर दुपारीच मासे वर येत असतील, आणि किटवर अमोनिया शून्य असेल, तर पाणी तापून प्राणवायू कमी पडतोय. बर्फाचे खडे टाकू नका. झाकण काढा, जाळी लावा, टेबलफॅनचा वारा पाण्यावरून जाऊ द्या. माठ गार होतो त्याच कारणाने टाकी दोन-तीन अंश उतरते.

आजी, माझ्या गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर पांढरे ठिपके आलेत. बाकी अंगावर नाहीत. तो दुसऱ्या माशाच्या मागे सारखा पळतो. इक आहे का? मी आठवीत आहे. (सातारा)

शाब्बास! ‘बाकी अंगावर नाहीत’ हे लिहिलंस म्हणून उत्तर सोपं झालं. तुझा मासा नर आहे आणि वयात आलाय. विणीच्या दिवसांत गोल्डफिशच्या नराला बरोबर याच जागी असे टणक ठिपके येतात. औषध काहीही घालू नकोस. झाडांवर किंवा काचेवर चिकटलेली अंडी दिसली तर लगेच दुसऱ्या भांड्यात काढ, नाहीतर आईबापच फस्त करतात.

गप्पी एकेक करून बारीक होतात, पाठ वाकते, मरतात. वेगळाच प्रश्न: टाकी धुतो त्या हाताच्या बोटावर महिन्याभरापासून लालसर गाठ आहे, मलमाने जात नाही. (कोल्हापूर)

हा वेगळा प्रश्न नसावा. गाठीचं आधी बघा, माशांचं नंतर.

माशांना क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतल्या एका जंतूची लागण होते. तो हातावरच्या कापल्या-खरचटल्या जागेतून माणसात शिरू शकतो. त्याला ३० अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, म्हणून शरीराच्या आत न जाता तो बहुधा हाताच्या थंड कातडीतच राहतो. आपला नेहमीचा फुफ्फुसाचा क्षय तो हा नव्हे. औषधाने बरा होतो, पण काही महिने लागतात. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि ‘घरी माशांची टाकी आहे, हात रोज पाण्यात असतो’ हे वाक्य न विचारता सांगा. ते सांगितलं नाही तर निदान लांबतं. एका माशाची पाठ म्हातारपणानेही वाकते, पण एकामागून एक आणि त्यात तुमचं बोट, म्हणून मला शंका आहे.

तोवर लांब रबरी हातमोजे घाला. नळी तोंडाने ओढून पाणी काढत असाल तर आजपासून बंद. आणि उरलेले गप्पी शेजारच्या मुलांना वाटू नका.

माझा फायटर फुगलाय, खवले फणसाच्या काट्यांसारखे उभे राहिलेत. चार दिवस खात नाही. दुकानात तीन औषधं दिली आहेत. (चिपळूण)

खवले असे उभे राहिले म्हणजे आत पाणी साचलंय, मूत्रपिंडाने काम सोडलंय. या टप्प्यावरून परतलेले फायटर मी फार थोडे पाहिलेत. तीनही औषधं ठेवून द्या. स्वच्छ, २७-२८ अंशांचं उथळ पाणी, २० लिटरला चहाचा एक चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट, खायचं मीठ नव्हे), आणि शांतता. तीन-चार दिवसांत सूज उतरली तर नशीब.

नाही उतरली, आणि तो आडवा पडून तडफडू लागला, तर त्याला तसाच ठेवू नका. केमिस्टकडचं लवंग तेल आणा. बाटलीत थोड्या कोमट पाण्यात पाच थेंब घालून दुधाळ होईपर्यंत हलवा, आणि लिटरभर पाण्यातल्या माशाजवळ हळूहळू ओता. तो झोपतो. मग आणखी दहा थेंब तसेच कालवून ओता. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसंच राहू द्या. संडासात जिवंत टाकणं किंवा वाशिष्ठीत सोडणं, दोन्ही नको.

वाडगा आणि जाळी धुऊन कडक उन्हात वाळवा. पुढचा फायटर आणायचा असेल तर वाडग्यात नको. १५ लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, महिनाभर चालवून. मासा त्यानंतर.